पुढचं चाक बदललं आणि हँडल हलायला लागलं

नागपूरजवळच्या बेसापासून बुटीबोरी एमआयडीसी हा माझा रोजचा रस्ता. गाडी १५० सीसीची, पुढे डिस्क ब्रेक, दोन्ही चाकं १७ इंची अलॉय, ट्यूबलेस टायर, चार वर्षं पूर्ण होऊन पाचवं लागलेलं. ८ एप्रिलला संध्याकाळी घरी येताना खोदून अर्धवट बुजवलेल्या एका खड्ड्यात पुढचं चाक जोरात आपटलं. पडले नाही. पण घरी येऊन पाहिलं तर रिमच्या कडेला बोटभर चीर गेली होती आणि हवा हळूहळू उतरत होती.

अलॉयची चीर वेल्डिंग करून देणारे शहरात भेटतात. मागच्या चाकाचं ज्याचं त्याने ठरवावं, पण पुढच्या चाकाला वेल्डिंग करू नका असं मी कळकळीने सांगेन. ओतीव अॅल्युमिनियमला ती उष्णता लागली की चिरेच्या आजूबाजूचा भाग कमजोर होतो. आणि तो पुन्हा जातो तेव्हा लोखंडासारखा आधी वाकत नाही, थेट तडकतो. म्हणजे चाक बदलणं भागच होतं.

पहिला प्रश्न विम्याचा. क्लेम करायचा तर गाडी न उघडता कळवावं लागतं, वर्कशॉपचं एस्टिमेट, आरसी आणि लायसन्सची प्रत, क्लेम फॉर्म, फोटो, मग सर्व्हेयर. कंपनीचं मूळ चाक सर्व्हिस सेंटरने ४,४८० रुपये सांगितलं होतं. गाडी चार ते पाच वर्षांच्या मधली असली की धातूच्या भागावर ३५ टक्के घसारा कापतात, वर दुचाकीची सक्तीची १०० रुपये वजावट. हातात साधारण २,८०० आले असते. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. माझा ४५ टक्क्यांवर होता, तो परत २०, २५, ३५ असा चढत जायचा. कागदावर मांडून पाहिलं तर पुढच्या काही वर्षांत मिळून दीडेक हजार जास्तीचा हप्ता निघत होता. फायदा होता, पण थोडा, आणि सर्व्हेयर येईपर्यंत गाडी वर्कशॉपला उभी ठेवावी लागणार होती. मी क्लेम केला नाही. तुमच्याकडे झिरो डेप्रिसिएशनची (घसारा न कापणारी) पॉलिसी असेल तर मात्र हे गणित वेगळं येईल, बसून एकदा मांडाच. टायरही फुटला असेल तर लक्षात असू द्या, टायर-ट्यूबवर सरसकट ५० टक्के कपात होते.

मूळ चाक यायला दोन-तीन आठवडे लागतील असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं. मला सोमवारपासून गाडी हवी होती. १२ एप्रिलच्या शनिवारी एका पार्टच्या दुकानातून त्याच मापाचं बाहेरच्या कंपनीचं अलॉय घेतलं, २,३५० रुपये. दुकानदाराने आधी कच्ची चिठ्ठी दिली. मी पक्कं बिल मागून घेतलं, त्यावर चाकाचं माप आणि तारीख लिहायला लावली. त्याचा पुढे फार उपयोग झाला. तिथेच एकाने रुंद रिम आणि जाड टायर टाकायचा सल्लाही दिला. तो ऐकला नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलात असा बदल करता येत नाही, आणि पुढे काही झालं तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. त्याच मापाचं चाक त्याच मापाने बदललं तर आरटीओत जाण्याचं काही काम नाही.

दुकानाशेजारच्या मेकॅनिकने टायर, डिस्क, मीटरची गरारी, बेअरिंग आणि मधला बुश हे सगळं जुन्या चाकातून काढून नव्यात टाकलं. मजुरी २५० रुपये. जुनं चाक मी घरी आणलं. तो भंगारात घ्यायला तयार होता, शंभर-दीडशे देतो म्हणाला. देऊ नका. जुना भाग हा तुमच्या हातातला एकमेव खरा नमुना असतो.

१३ तारखेला घराजवळच फिरवली. १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, गाडी काढलीच नाही. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर ती पहिल्यांदा धावली १५ला सकाळी. जामठ्याच्या स्टेडियमच्या पुढे मागून ट्रक येत होता, त्याला वाट द्यायला मी अॅक्सिलरेटर सोडला. स्पीड साठवरून खाली यायला लागला आणि पंचावन्न ते पंचेचाळीसच्या मध्ये हँडल दोन्ही हातांत डावी-उजवी थरथरायला लागलं. थोडंथोडकं नाही, आरशातलं सगळं फिसकटलं इतकं. चाळिशीच्या खाली आल्यावर आपोआप थांबलं. पोटात गोळा आला. बाजूला गाडी लावून मी बराच वेळ तशीच उभी होते, आणि उरलेला रस्ता तिसाच्या स्पीडने गेले.

असं झालं तर काय करायचं ते आधी सांगते. हँडल आवळून धरू नका, हाताच्या ताठरपणाने थरथर वाढते. पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अॅक्सिलरेटर हळू सोडा, कोपरं सैल ठेवा आणि स्पीड आपोआप उतरू द्या. आणि वॉबल, म्हणजे हँडलची ही थरथर, होते का हे पाहायला दोन्ही हात सोडून दाखवणारे लोक भेटतील. ते करू नका. बोटं मुठीवर ठेवून नुसती पकड हलकी केली तरी सगळं कळतं.

मी एका पॅकेजिंग कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहायला लागले: कुठल्या स्पीडला, अॅक्सिलरेटर चालू की सोडलेला, ब्रेक दाबलेला की नाही, रस्ता सिमेंटचा की डांबरी, मागे डब्याची बॅग होती की नव्हती. हे लिहिणं कंटाळवाणं आहे, पण यातूनच रस्ता निघाला, कारण हलण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि त्यांची कारणंही. फक्त ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरलं आणि लिव्हरलाही ठोके जाणवले तर आधी डिस्क वाकडी आहे का पाहायचं. स्पीडबरोबर थरथर वाढतच गेली तर बॅलन्सिंग किंवा रिम. अगदी हळू चालवताना गाडी सरळ रेषेत राहत नसेल, डावी-उजवी भटकत असेल तर हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) जास्त आवळलेला. मोठ्या स्पीडला हँडल नाही तर अख्खी गाडीच संथ झुलत असेल तर मागची बाजू: मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश, मागचं टायर, कॅरिअरवरचं ओझं. आणि माझ्यासारखं, अॅक्सिलरेटर सोडल्यावर एका ठरावीक पट्ट्यातच थरथर असेल, तर पुढच्या भागात कुठेतरी ढिलेपणा असण्याची शक्यता जास्त.

ठरावीक पट्ट्यातच का, याचं कारण समजल्यावर माझी भीती बरीच कमी झाली. हँडलच्या दांड्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली तर टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा त्या रेघेच्या थोडी मागे येते. म्हणून चाक स्वतःहून सरळ होतं. मॉलमधली ट्रॉली ढकलताना तिचं एखादं चाक मध्येच फडफडायला लागतं, तिथेही हीच रचना असते: सरळ होताना चाक थोडं पलीकडे जातं, परत येतं, आणि ढिलेपणा असला की ते थांबत नाही. मोटरसायकलच्या हँडलचं हे हलणं सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा होतं. माझ्या पुढच्या टायरचा घेर १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे पन्नासच्या स्पीडला चाक सेकंदाला जवळजवळ पावणेआठ फेऱ्या घेतं. दोन्ही आकडे तिथे जुळतात. चाकातला बारीकसा दोष तेवढ्या पट्ट्यात बरोबर लयीत धक्के देत राहतो, आणि पुढचा भाग घट्ट नसेल तर ते धक्के जिरत नाहीत.

नागपूरकरांसाठी आणखी एक. आपल्याकडे रिंग रोडसकट इतके रस्ते सिमेंटचे झालेत की त्यांच्या जोडांचे ठोके आणि गाडीचे ठोके यात गल्लत होते. ठरावीक अंतरावर येणारा जोड स्पीडप्रमाणे लय बदलतो आणि वाटतं चाकच हलतंय. मी मानेवाडा चौकाकडचा सिमेंटचा रस्ता चाचणीतून काढून टाकला आणि सकाळी लवकर मिहानमधल्या मोकळ्या डांबरी रस्त्यावर जायला लागले. हवाही सकाळीच, गाडी न चालवता, थंड टायरवर मोजायची. एप्रिलमधल्या दुपारी रस्त्यावर तापलेल्या टायरचा आकडा बराच जास्त दिसतो, त्यावर भरवसा ठेवून हवा काढली की रात्री टायर कमी हवेवर उभा.

एक-एक गोष्ट तपासायची आणि एका वेळी एकच बदलायची असं मी ठरवलं, स्वस्त ते महाग या क्रमाने. हवा पुस्तिकेप्रमाणे केली, फरक नाही. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बरोबर होता. टायरच्या कडेला रिमला लागून एक बारीक उंच रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का पाहिलं. नसेल तर टायर नीट बसलेला नसतो. बसला होता. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं जावं म्हणून इंजिनखाली लाकडी ठोकळा लावला, पुढच्या शॉकअपला एक केबल टाय बांधून त्याचं टोक रिमच्या अगदी जवळ आणलं आणि चाक फिरवलं. रिम आणि टोक यांतलं अंतर किती कमी-जास्त होतं ते दिसतं. आडवं आणि उभं, दोन्हीकडे. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत याची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. माझ्या नव्या रिमचा फरक एकच्या आसपास होता. म्हणजे रिम सरळ होती.

१९ एप्रिलला बॅलन्सिंग. दुचाकीचं बॅलन्सिंग सगळे टायरवाले करत नाहीत, आधी फोन करूनच निघा. चाक काढून, वजनं चिकटवून, परत बसवून १८० रुपये. ४० ग्रॅम लागले, जे हलक्या चाकासाठी जरा जास्तच वाटलं. त्यानंतर थरथर कमी झाली, पण गेली नाही. पट्टाही तोच, पंचावन्न ते पंचेचाळीस. वहीत मी तेवढंच लिहिलं: "कारण नव्हे, पण कारणाला जोर देत होतं." हे महत्त्वाचं होतं. बॅलन्सिंगने धक्का कमी झाला, पण धक्का न जिरवणारा ढिलेपणा होता तिथेच होता.

एका रविवारी दोरीनेही पाहिलं. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी लावून ती ताणून पुढच्या चाकापर्यंत आणायची. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे दोन्हीकडे जी फट राहते ती सारखी हवी. फरक २ मिलिमीटरच्या आत आला. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणाही सारख्याच होत्या. मागची बाजू मी यादीतून काढली.

मग २६ एप्रिलला ऑफिसातल्या एकाने सांगितलेल्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने हँडल धरून पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे ढकलली, खटकन आवाज आला. "कोनसेट ढिला आहे ताई," म्हणाला, आणि दहा मिनिटांत आवळून दिला. दीडशे रुपये. निघाले तेव्हा थरथर पूर्ण गेली होती. मी घरी आनंदाने फोनही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की गाडी आता हळू चालवताना भटकते. वीस-पंचविसाच्या स्पीडला, रहदारीत, सरळ रेषा धरत नव्हती. हँडल एका बाजूला वळवलं की तिथेच अडकल्यासारखं राहायचं, मी ते परत आणायची, मग ते दुसरीकडे. वळणावर तर भीतीच वाटायची. कोनसेट इतका आवळला होता की हँडल थरथरू शकत नव्हतं, आणि मोकळेपणाने सरळही होऊ शकत नव्हतं. लक्षण दाबलं गेलं, दोष तसाच. ही अवस्था मला वॉबलपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण यात माणूस समजतो की दुरुस्ती झाली. कोणी तुमची थरथर कोनसेट आवळून घालवली असेल तर घरी एक तपासणी करा: पुढचं चाक उचलून हँडल मधोमध ठेवा, एका बाजूला अगदी हलका धक्का द्या. ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत जायला हवं. नाही गेलं तर जास्त आवळलंय. मधोमध बारीकसा खाचा लागल्यासारखं अडलं तर आतल्या गोळ्यांच्या वाटीला खड्डे पडलेत, सेटच बदलावा लागेल. माझं दोन्ही होतं.

आमच्या गल्लीत एक काकाजी राहतात, एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. ते दुचाकीचं काम करत नाहीत, म्हणून इतके दिवस विचारलं नव्हतं. ३ मेच्या संध्याकाळी मी ठोकळा लावून हँडल हलवत बसले होते तेव्हा तेच आले. म्हणाले, "काय करून राहिली बाई एवढ्या गरमीत?" मी वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचली, आणि विचारलं, "चाकाचा नट कोणी कसला?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

त्यांनी आधी कोनसेट थोडा मोकळा करून घेतला. मग पुढचं चाक वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवलं. खट. मला म्हणाले, "तू बोट कोनसेटपाशी ठेव, तिथं लागते का सांग." तिथे काही नव्हतं. पुन्हा हलवलं, आता बोट एक्सलपाशी, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्यापाशी, ठेवायला सांगितलं. तिथे स्पष्ट जाणवलं. खट आवाज चाकाच्या मध्यातून येत होता. मेकॅनिककडे ब्रेक दाबून गाडी ढकलल्यावर आलेला आवाजही बहुधा यातलाच होता, कारण तशा तपासणीत कोनसेटचा ढिलेपणा आणि चाकाचा ढिलेपणा दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतात. बोट ठेवल्याशिवाय ते वेगळे करता येत नाहीत. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी सगळ्यात आधी हेच करावं असं आता माझं मत झालंय.

मग त्यांनी पाना घेतला आणि एक्सलचा नट अर्धा फेरा आवळला. खट बंद झाली, पण चाक हाताने फिरवलं तर जड, दोन फेऱ्यांत थांबायला लागलं. नट परत सैल केला, चाक मोकळं फिरायला लागलं आणि खट परत आली. हे त्यांनी मला पुन्हा-पुन्हा करून दाखवलं. "पाह्य, कसला की चाक जाम, ढिला केला की मोकळं. ज्यानं बसवलं त्यानं चाक फिरावं म्हणून नट ढिलाच ठेवला. मधात काहीतरी कमी पडून राहिलं."

चाक काढलं. बेअरिंग ठोकून बाहेर काढले, ६३०१ नंबरचे, बारा मिलिमीटरच्या एक्सलचे. दोन बेअरिंगच्या मध्ये एक पोकळ लोखंडी नळी असते, तोच तो बुश. नट आवळल्यावर एक्सलचा सगळा दाब एका बेअरिंगच्या आतल्या कड्यावरून या नळीवर आणि तिथून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर जायला हवा. बाहेरची कडी हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागातल्या, पायरीवर टेकलेली असतात. म्हणून नळीची लांबी हबमधल्या दोन पायऱ्यांमधल्या अंतराइतकी किंवा केसभर जास्त लागते. कमी पडली तर नट आवळताच आतली कडी आत ओढली जातात, बाहेरची जागेवरच राहतात, आणि गोळ्या आडव्या दाबल्या जातात. चाक जाम होतं ते याच्यामुळे.

माझा डिजिटल व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढला. जुन्या, चीर गेलेल्या चाकाच्या हबमध्ये पायऱ्यांमधलं अंतर ५८.० मिलिमीटर, नळी ५८.१. नव्या चाकाच्या हबमध्ये अंतर ५९.५. जुनी नळी नव्या हबला १.४ मिलिमीटर आखूड पडत होती. बाहेरून पाहिलं तर चाक तेच, टायर तोच, डिस्क तीच.

सगळी साखळी एकदम समजली. नळी आखूड, म्हणून आवळलं की चाक जाम. चाक जाम होतं म्हणून नट सैल ठेवला. नट सैल म्हणून एक्सल दोन्ही शॉकअपना खालून एकत्र घट्ट बांधत नव्हता, शॉकअपचे दोन्ही पाय आपापले थोडे हलत होते, आणि चाकात खेळ होता. त्यात ४० ग्रॅमचा असमतोल आणि झिजलेला कोनसेट. बेअरिंगही बिघडायला लागले होते, बोटावर फिरवले तर खरखर लागत होती.

सोपा उपाय लगेच सुचवणारे भेटले: मध्ये वायसर टाका, काम झालं. मी नाही केलं. वायसर बारीक असला तर पिचतो, नळीच्या मध्यावर राहीलच असं नाही, आणि हे पुढचं चाक आहे. हिंगणा एमआयडीसीत लेथवर ५९.५ ची नळी बनवून घेता आली असती, ते योग्यही झालं असतं. पण ज्या हबचं माप एका ठिकाणी चुकलं त्याच्या बाकीच्या मापांवर मला विश्वास राहिला नाही. बिलावर १२ एप्रिल होता, म्हणजे तीस दिवस पूर्ण व्हायला अजून अवधी होता.

हा भाग नीट वाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं, आणि बिलात मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांच्या आत नकार देणं, ही त्यातली एक. बिल न देणं हीसुद्धा त्यातच आहे. ५ मेला मी दोन्ही चाकं, नळी, व्हर्निअर आणि मापांचे फोटो घेऊन दुकानात गेले. दुकानदार वाईट माणूस नव्हता, पण त्याने बिलाखाली छापलेली ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी वाद घातला नाही. घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. त्यांनी बिलाची तारीख, रक्कम आणि दोष काय ते विचारलं आणि तक्रारीचा क्रमांक दिला. तो क्रमांक, कलम आणि मापं घालून एक पानी अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या, ७ला दुकानात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का मागितला. सही देताना त्याने अर्ज वाचला. १० मेला फोन आला, चाक घेऊन या म्हणून. २,३५० परत मिळाले. बसवण्याची मजुरी आणि बेअरिंगचे पैसे मिळाले नाहीत, ते मी मागितलेही नाहीत. अर्ज रागाने लिहू नका. मापं लिहा.

मूळ चाकाची ऑर्डर मी ५ तारखेलाच आगाऊ पैसे भरून दिली होती. तोवर बेसाहून खापरीला, खापरीहून कंपनीच्या बसने बुटीबोरी असं चाललं. गाडी असताना न जाणवणारा वेळ रोज जात होता आणि डोकंही भणाणत होतं, पण हलणारं हँडल हातात धरून त्या हायवेवर जाण्यापेक्षा ते बरं.

चाक आलं २१ मेला, बसवलं २४ च्या शनिवारी. काकाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, नवीन चाकात नवीन बेअरिंग आणि नवीन नळीच, जुनं काही टाकायचं नाही. सर्व्हिस सेंटरला मी तसं जॉबकार्डवर लिहायला लावलं. दोन बेअरिंग ३४० रुपये, नळी ९५, कोनसेट ४५० आणि त्याची मजुरी ४००. चाकाचे ४,४८०. उभं राहून बघू द्याल का असं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. मी दोनच गोष्टी बघत होते. पहिली, नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळता येणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळल्यावर चाक मोकळं फिरतं का. फिरलं. दुसरी, क्रम. नट आवळल्यावर गाडी स्टँडवरून खाली घेऊन, पुढचा ब्रेक धरून, शॉकअप चांगले दाबून-सोडून घ्यायचे, म्हणजे दोन्ही पाय एक्सलवर आपली नैसर्गिक जागा घेतात, आणि मगच शॉकअपच्या तळाचा छोटा पकडबोल्ट आवळायचा. आधी पकडबोल्ट आवळला तर पाय वाकड्यातच अडकून राहतात. मेकॅनिक मुलगा पहिल्यांदा सरळ पकडबोल्टकडे निघाला होता. मी म्हटलं, "भाऊ, आधी दाबून घेऊ ना." त्याने आनंदाने घेतलं, उलट म्हणाला, "बरोबर आहे ताई, घाईत राहून जाते." बॅलन्सिंग परत करून घेतलं, या वेळी १५ ग्रॅमच लागले.

२५ला पहाटे मिहानच्या त्याच रस्त्यावर गेले. साठला नेली, बोटं सैल केली, अॅक्सिलरेटर सोडला. पंचावन्न, पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. हँडल जागचं हललं नाही. वीसच्या स्पीडलाही गाडी सरळ रेषेत. वहीत त्या तारखेसमोर फक्त "काही नाही" असं लिहिलं आणि मला रडू आलं, खरंच. इतके दिवस गाडीची किल्ली हातात घेताना आत जे घट्ट व्हायचं ते त्या दिवशी झालं नाही.

घरी येताना काकाजींसाठी पेढे घेतले. त्यांनी एक घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, नटाचा टॉर्क किती ठेवला. मग म्हणाले, "पाचशे किलोमीटर झाले की एकदा पाहून घेजो. नवीन सामान थोडं बसते."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते करून घेतलं. एक्सलचा नट होता तसाच घट्ट होता, कोनसेट मात्र पाव फेरा आवळावा लागला, जो नव्या सेटला साधारण लागतोच. पुढच्या टायरची नक्षी एका बाजूला उंच-सखल झिजली आहे, हाताने चोळलं की कळतं. हे ढिल्या चाकावर चालल्याने होतं आणि असा टायर पुन्हा थरथर आणू शकतो, म्हणून तो नक्षी शिल्लक असतानाही जुलैच्या सर्व्हिसिंगला बदलणार आहे. मापाचा, बाणाच्या दिशेने बसवलेला, आणि बसवताना मी शेजारी उभी असेन.